नमुना क्रमांक एकशे सतरा

४ ऑगस्ट, सोमवार

उद्धवरावांची डायरी मी ढापली. ढापली म्हणजे काय, त्यांच्या खणात पडूनच होती, एका खतकंपनीने नवीन वर्षाला दिलेली. ते फेब्रुवारीत गेले, त्यामुळे जानेवारीपुरतीच त्यांच्या अक्षरात आहे. ती पानं मी रबर लावून बंद केली आणि थेट ऑगस्टवर आले. मेलेल्या माणसाचं अक्षर रोज समोर नको. बाकी कागद चांगला आहे.

कॉलेजनंतर डायरी लिहिली नव्हती. आता लिहावीशी वाटली, कारण लॅबमध्ये बोलायला कुणी उरलेलं नाही. लॅब आमची चाकणला, माती-पाणी तपासणारी, चार खोल्यांची. त्यातलं सूत्रकृमींचं टेबल उद्धवराव बघायचे आणि मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होते. आता ते टेबल म्हणजे मी. सूत्रकृमी हे मातीतले दोऱ्यासारखे किडे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. मुळात शिरतात, आतल्या आत बसून खातात, मुळावर गाठी येतात. वर पानावर काही दिसेपर्यंत खाली सगळा कारभार आटोपलेला असतो. आई संत तुकाराम नगरात सगळ्यांना सांगते, आमची ऋता जंतांच्या खात्यात आहे.

आज निघोज्याहून स्वरूपाचा फोन होता. उदगीरकडची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. नवरा गणराज कंपनीत शिफ्टला जातो, घरी सासू, मंजुळाबाई. कंपन्यांच्या भिंतींमध्ये यांचा अर्धा एकर उरलाय. तिथे हिने हट्टाने औषधी तुळस लावली. पाला कापायचा, वाळवायचा, काढा-चहावाल्यांना द्यायचा. लागवडीआधी, एप्रिलमध्ये, तिच्याच सांगण्यावरून तिथली माती मी तपासली होती. एवढं करणारी शेतकरीण विरळाच.

म्हणाली, “मॅडम, झाडं दुपारी माना टाकायलेत. संध्याकाळी परत उभी राहतात. काय असंल?”

मी म्हटलं, ऊन असेल. ऑगस्टात कसलं आलंय ऊन, पण बोलून गेले.

९ ऑगस्ट

शनिवारी सुट्टी झाल्यावर निघोज्याला जाऊन आले. माझा दुसरा दिवस होता, पोट दुखत होतं, पण म्हटलं एकदा बघून घेऊ म्हणजे डोक्यातून जाईल. ते काही गेलं नाही.

शेजारच्या कंपनीचा दोनचा भोंगा झाला आणि मी बघत उभी राहिले. मधला एक चट्टा, साधारण आमच्या हॉलएवढा, खाली वाकला. बाकीची झाडं ताठ. वाकलेल्यांना पाणी कमी नव्हतं, माती हाताला ओली लागत होती. पानं पिवळट, बुटकी. मी एकेका झाडाला हात लावून बघितलं. मुळं तेवढी बघितली नाहीत. बघता आली नसती, कारण मंजुळाबाईंनी लागवडीलाच अट घातली आहे. पाला तोडा, पण तुळशीच्या लग्नाआधी एकही झाड उपटायचं नाही. स्वरूपाने ते कबूल केलं म्हणून तर तुळस लागली.

निघताना मंजुळाबाईंनी बळेच चहा दिला. देवापाशी खिळ्याला आमचा रिपोर्ट टांगलेला दिसला, प्लास्टिकमध्ये घालून. ‘सूत्रकृमी आढळले नाहीत.’ खाली माझी सही.

येताना मोशीपर्यंत सिग्नलला थांबले की वाटायचं, मागे कुणीतरी बसलंय. पोटदुखीची गोळी घेतली होती, तिचा परिणाम असावा.

१२ ऑगस्ट

रजिस्टर काढून बघितलं. नमुना क्रमांक एकशे सतरा, निघोजे, जमा २६ एप्रिल. सगळं व्यवस्थित आहे.

२६ एप्रिलला शनिवार होता.

१३ ऑगस्ट

काल अर्धवट लिहून झोपले. स्वतःच्याच डायरीत लपवाछपवी करायची तर लिहावं कशाला.

त्या शनिवारी मळ्यातून निघायला एक वाजला. शनिवारी लॅब एकला बंद होते. साक्षीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, डोहाळजेवण तोंडावर होतं आणि हिरवी साडी घ्यायची राहिली होती. मी मातीची पिशवी डिकीत टाकली आणि पिंपरी कॅम्पात गेले. तीन दुकानं पालथी घातली. रविवारी गाडी सोसायटीत उघड्यावर उभी होती. त्या आठवड्यात पारा चाळिशीच्या वर. सोमवारी पिशवी काढली तेव्हा हाताला गरम लागली. हे आत्ता आठवलं असं नाही.

नमुना आणायला थर्माकोलचा डबा असतो. उद्धवराव डब्याशिवाय पायरी उतरू द्यायचे नाहीत. पण तो स्कूटरवर नीट बसत नाही, आणि ते आता नव्हते. मी सोमवारी माती लावली आणि रजिस्टरमध्ये जमा तारीख शनिवारची टाकली.

आमची पद्धत साधी आहे. माती गाळून कागदावर पसरायची, खाली पाण्याने भरलेलं फनेल. जे किडे जिवंत असतात ते कागदातून वळवळत खाली उतरतात आणि नळीत जमतात. ते मोजायचे. मेलेले वरच राहतात. म्हणजे आमचं शून्य दोन प्रकारचं असतं. माती स्वच्छ असेल तरी शून्य आणि किडे उन्हात उकडून मेले असतील तरी शून्यच.

पण मातीच मुळात स्वच्छ असेल. असू शकते. निम्मे नमुने स्वच्छच येतात.

१९ ऑगस्ट

तीन दिवस पाऊस. लॅबमध्ये ओल आली आहे.

प्रत्येक नमुन्यातली उरलेली माती आम्ही सहा महिने फडताळात ठेवतो. एकशे सतराची पिशवी खालच्या कप्प्यात आहे. गेला आठवडाभर मी त्या फडताळासमोरून जाताना डावीकडे बघतच नाही. आज विलास, आमचा ऑफिसबॉय, पन्नाशीचा आहे पण पद तेच, तिथे झाडत होता. म्हणाला, मॅडम, ही पिशवी तुम्ही पुढे काढून ठेवली का? मी काढली नव्हती. झाडताना त्याच्याच हाताने सरकली असेल.

शेवटी ती पिशवी घरी आणली. उद्धवराव शंका असली की त्या मातीत टोमॅटोचं रोप लावायचे. टोमॅटोच्या मुळांवर हे किडे तुटून पडतात. फनेल फसेल, पण मातीत मुळांचे तुकडे असतात, त्यात एखाददुसरं अंडं वाचलेलं असलं तर महिन्याभरात मुळावर गाठी दिसतात. नर्सरीतून रोप आणलं, कुंडीत लावलं, गॅलरीत आईच्या तुळशीपासून लांब ठेवलं. आई खूश. म्हणाली, चला, एकदाचं काहीतरी खाण्यासारखं आणलंस.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज सकाळी आरती चालू असताना स्वरूपाचा फोन. मी गॅलरीत जाऊन घेतला.

चट्टे आता तीन झालेत. तिने कुठेतरी वाचलं होतं की अशा वेळी झाड उपटून मूळ बघावं. म्हणाली, “ताई, एकच झाड उपटून बघू का? सासूबाई भजनाला गेलेत. मी गुपचूप बघते.”

मॅडमची ताई कधी झाले, लक्षात आलं नाही.

ही मुलगी खऱ्या कारणापासून एका झाडाच्या अंतरावर होती. एक झाड उपटलं असतं की सगळं उघडं पडलं असतं, निदान तिला तरी. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, अगं नको, लग्नाआधी तुळस उपटत नाहीत ना तुमच्यात, मावशींना कळलं तर मन दुखावेल, श्रद्धेचा प्रश्न आहे. थोडं शेणखत घाल, निंबोळी पेंड घाल, बघू.

ती म्हणाली, तुम्ही म्हणता तर नाही उपटत.

आरती संपली होती. आईने विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, कामाचा. निंबोळी पेंड घालायला सांगितली ते तरी बरोबरच आहे, तिने किड्यांना आळा बसतो. म्हणजे मी अगदीच काही केलं नाही असं नाही.

११ सप्टेंबर

पहिली कापणी झाली. अपेक्षेच्या निम्मीसुद्धा नाही. मी गेले होते. जायची गरज नव्हती, पण घरी बसवत नव्हतं.

स्वरूपा मळ्यात नव्हती. बांधावर उभी राहून बायकांना सांगत होती, तिकडून कापा, हे राहू द्या. मला वाटलं पाय दुखावला असेल. मी सरळ आत गेले. मला कुणी काही विचारलं नाही. शहरातल्या बाईला नियम नसतात.

मंजुळाबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई वाईट नाही. आवाज चढवत नाही, सुनेला टाकून बोलताना मी कधी ऐकलं नाही. म्हणाल्या, “म्याडम, कागदावर माती निर्मळ हाय. पाणी त्येच, रोपं बी चांगल्या ठिकाणची. मंग तुळस का जळती? कुणाचा तरी इटाळ झाला असंल. मी काय तिला बोलले न्हाई. म्हणलं, तूच आठव.”

आणि स्वरूपा आठवत बसली आहे. घरात नेऊन भिंतीवरचं कॅलेंडर तिने मला दाखवलं. मार्चपासून स्वतःच्या तारखांना बारीक टिंबं केलीत. जूनमधल्या लागवडीच्या दिवशी टिंब आहे.

“मजूर आल्ते ताई, काम थांबवणार कसं? कुणाला बोलले नाही. निम्मी रोपं माझ्या हातानं लावली.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही शिकलेल्या आहात. असं होतं का हो?”

मी म्हटलं, छे, असं काही नसतं.

“मग कशानं झालं?”

मला उत्तर येत होतं. जिभेवर होतं. मी म्हटलं, बऱ्याच गोष्टी असतात, बघावं लागेल. तिने मान हलवली, डॉक्टरने काही सांगायचं टाळलं की पेशंटचे नातेवाईक हलवतात तशी.

माझा रिपोर्ट नसता तर दोष मातीला गेला असता. मी मातीला सोडवलं आणि ही अडकली. आज पहिल्यांदा हे वाक्य मनात आलं, आणि लिहून ठेवते, कारण उद्या मी ते नाकबूल करेन. मी स्वतःला ओळखून आहे.

२४ सप्टेंबर

लॅबमध्ये फनेल धूत होते. भर दुपार. मागून उद्धवराव म्हणाले, “डबा कुठंय?”

मोठ्याने नाही, नेहमीसारखे, चष्मा पुसता पुसता म्हणायचे तसे. मी न वळताच म्हटलं, आहे, कपाटावर आहे. मग हात थांबले. वळून बघितलं, तर त्यांची खुर्ची, तिच्यावर विलासने वाळत टाकलेला नॅपकिन. दारात विलास उभा होता. त्याने विचारलं, मॅडम, कुणाशी बोलत होता? म्हटलं, फोनवर. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स दुसऱ्या खोलीत.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण हल्ली घरी, पिंपरीत, बरोबर दोनला मला तो निघोज्याचा भोंगा ऐकू येतो. आईला येत नाही. अंघोळीच्या वेळी मी बोटांची पेरं चाचपून बघते, गाठी आल्यात का म्हणून. आणि गॅलरीतला टोमॅटो कंबरेएवढा झालाय, फुलावर आलाय, रोज सकाळी मला दिसतो, आणि मी त्याला पाणी घालते. आठवड्यापूर्वीच उपटून बघायला हवा होता. मंजुळाबाईंना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. आज टोमॅटो उपटला.

आई ओरडली, अगं फुलं आली होती. मी मूळ बादलीत धुतलं. चार-पाच गाठी, मोहरीपासून वाटाण्यापर्यंत. दोन दिवस डिकीत भाजून निघाल्यावर जे काही वाचलं, त्याचं हे. म्हणजे मुळात किती असतील!

आईने बादलीत डोकावून विचारलं, हे काय गं? मला रडू फुटलं. मोठ्याने, लहान मुलीसारखं. आईला वाटलं टोमॅटोसाठी रडतेय. म्हणाली, दुसरा आणू.

उद्या सांगते. उद्या शनिवार आहे, दुपारी जाऊन सांगते.

१० ऑक्टोबर

सांगितलं नाही.

अवधूत सरांना सांगितलं, आमच्या मालकांना. मनात होतं की ते चिडतील, मेमो देतील, आणि मग मला जावंच लागेल. ते चिडलेच नाहीत. म्हणाले, रिपोर्टखाली छापलेलं असतंच ना, निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता म्हणून. कागदावर आपण सुरक्षित आहोत. आणि तुळशीला काय, पुढच्या वर्षी दुसरं पीक घेतील. मग त्यांनी मला दिवाळीच्या सुट्ट्यांचं विचारलं.

मी खोलीतून बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणं जिना उतरेपर्यंत टिकलं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

स्वरूपाला फोन केला. गणराजने उचलला. ती दिवाळीला माहेरी गेली आहे. मी विचारलं, परत कधी? म्हणाला, बघू, तिचं मन लागत नाही इथं. रडत असते. मळ्यात पाऊल टाकत नाही, आता तर साध्या दिवसांतही नाही. अंगणातल्या तुळशीलासुद्धा आई पाणी घालते. मी समजावलं मॅडम, पण तिनंच डोक्यात घेतलंय. आईलाही वाटतं, लग्न पार पडेपर्यंत लांब राहिलेलं बरं. चांगला माणूस आहे. आवाज थकलेला होता, शिफ्टवरून आला असेल.

म्हणजे आता सासू म्हणत नाही, तीच म्हणते. कुणी ढकललं नाही आणि मुलगी आपणहून घराच्या कडेला जाऊन उभी राहिली. हे माझ्यामुळे झालं. माझ्या आळसामुळे, साडीमुळे आणि नंतर माझ्या भित्रेपणामुळे. त्यात शेवटचं सगळ्यात वाईट, कारण पहिली दोन कुणाच्याही हातून होतात.

आईने गायवासराच्या पूजेला हाक मारली. गेले नाही.

२७ ऑक्टोबर

मंजुळाबाईंचा फोन, आमंत्रणाचा. चार तारखेला तुळशीचं लग्न, यायचंच. म्हणाल्या, शिकलेल्या असून तुमी रीत जाणता, उपटू दिलं न्हाई तिला, तिनं सांगितलं मला. स्वरूपाला गणराज शुक्रवारी आणणार आहे. लग्नात मात्र ती मागेच राहील, तिचीच इच्छा. मग म्हणाल्या, लई शांत झाली वं पोरगी. पयले किती बोलायची.

मी म्हटलं, मी शनिवारी येते. लग्नाआधी.

१ नोव्हेंबर, शनिवार

घडलं तसं लिहिते.

लॅबमधून परस्पर गेले. स्वरूपा ओट्यावर गहू निवडत होती. बारीक झाली आहे. मला बघून हसली, पण उठली नाही. मी म्हटलं, मळ्यात चल. ती म्हणाली, मी नाही येत ताई. मी मंजुळाबाईंना म्हटलं, तुम्हीही चला, आणि हिला बांधापर्यंत तरी येऊ द्या. माझा चेहरा बघून दोघी आल्या. येताना मी पाण्याची कळशी उचलली.

मधल्या चट्ट्यात गेले. वाळलेलं नाही, अर्धवट हिरवं झाड धरलं. मंजुळाबाई धावत आल्या, माझं मनगट धरलं, म्हणाल्या, म्याडम, तीन दिवस ऱ्हायलेत लग्नाला. मी हात सोडवून घेतला आणि दोन्ही हातांनी झाड ओढलं. लगेच आलं. धरून ठेवणारं मूळ उरलंच नव्हतं.

कळशीतल्या पाण्यात धुतलं आणि बांधावर आणून दोघींसमोर धरलं. गाठीच गाठी. बारीक मूळ एक शिल्लक नाही. सगळ्या मळ्याची एवढी नाडी माझ्या हातात होती आणि मी तीन महिने दुरून बघत राहिले होते.

मग सांगितलं. डबा नेला नव्हता ते, एप्रिलचं ऊन, साडीची तीन दुकानं, गरम पिशवी, खोटी तारीख, दोन प्रकारचं शून्य. मंजुळाबाईंना फनेल कळणार नाही, म्हणून म्हटलं, मावशी, ओढ्यातले मासे मोजायला निघाले, आणि ओढाच आधी उकळला. किडे मातीत आधीपासून होते. तुमच्या घरच्या कुणाचा काही संबंध नाही. आणि ऑगस्टात मी स्वतः अडचणीत असताना इथल्या झाडन् झाडाला हात लावलाय, त्यानेही काही झालं नाही. झालं ते या गाठींनी.

मंजुळाबाई बांधावर बसल्या. मूळ हातात घेतलं, एक गाठ नखाने फोडली. म्हणाल्या, “म्हंजी हिच्यामुळं न्हाई?”

मी म्हटलं, नाही.

त्यांनी सुनेकडे बघितलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मला वाटलं होतं, आता मला बोल लावतील, हाकलून देतील. मी त्याची तयारी करून गेले होते, खरं तर वाटच बघत होते. बाई नुसत्या रडत राहिल्या.

स्वरूपाने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“दसऱ्यानंतर. टोमॅटो उपटला तेव्हा.”

“त्याच्या आधी?”

“संशय होता. ऑगस्टपासून.”

तिने हिशेब लावला असावा. चेहरा हलला नाही. म्हणाली, “मी विचारलं होतं की तुम्हाला, ताई. कशानं झालं म्हणून विचारलं होतं. झाड उपटू का म्हणूनही विचारलं होतं.”

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, आणि घराकडे गेली. गहू निवडायचे राहिले होते.

१५ नोव्हेंबर

दोन शनिवार निघोज्याला जाते आहे. लग्न लागलं, दुसऱ्या दिवशी सगळी झाडं उपटली, कोपऱ्यात ढीग करून जाळली. जाळताना मंजुळाबाई हात जोडून उभ्या होत्या. पहारी, खुरपी, चपलांचे तळसुद्धा धुवायला लावले, कारण चिखलाबरोबर किडे शेजारच्या वावरात जातात. आता झेंडू लावायचा, त्याच्या मुळांपुढे या किड्यांचं फार चालत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट, दोनदा. मग निंबोळी पेंड. मग परत माती तपासायची आणि मगच तुळस. दोन वर्षं लागतील. स्वरूपा सगळं वहीत लिहून घेते. कामापुरतं बोलते. मला परत मॅडम म्हणायला लागली आहे.

सुधारलेला रिपोर्ट मी सही करून दिला, खरी तारीख घालून. अवधूत सरांनी सोमवारी केबिनमध्ये बोलावलंय. उन्हाळ्यातले माझे बाकीचे नमुनेही मी काढून ठेवलेत. अकरा आहेत. त्यातले सगळे डब्यातून आलेत का, मला आठवत नाही. अकरा टोमॅटो लावलेत. आई म्हणते, भाजीचं दुकान काढ.

उद्धवराव परत बोलले नाहीत. भोंगा मात्र ऐकू येतो.

२२ नोव्हेंबर

आज झेंडूची लागवड होती. आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मला जाता आलं नाही. दुपारी फोन केला. स्वरूपाचा फोन मंजुळाबाईंनी उचलला.

लागवड चालू आहे म्हणाल्या, निम्मी झाली. मी विचारलं, स्वरूपा आत आहे ना?

“न्हाई वं. बांधावर हाय. आज अडचण हाय तिची.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी सोताच म्हणलं तिला, आगं जा की आत. म्याडमनी दावलं न्हवं का. तुजा काय बी दोष न्हाई. किती येळा म्हणलं. तर तिथनंच रोपं माज्या हातात देती आन् मी लावती.”

मी म्हटलं, द्या तिला.

फोन हातातून हातात गेला. मागे बायका बोलत होत्या, पाइपातून पाणी पडत होतं. मी म्हटलं, स्वरूपा, तू स्वतः बघितलंस ना मूळ. गाठी बघितल्यास.

“बघितल्या की मॅडम. कळतंय मला. सगळं कळतंय.” मग म्हणाली, “पण झेंडू तरी नीट येऊ द्या.”

आणि तिने फोन परत सासूकडे दिला.